मानपत्रात कारण लिहा
(क्रिकेटप्रेमी मंडळांच्या पुरस्कार निवड समित्यांना खुलं पत्र)

समितीच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

"काका, हे नेमकं कशाबद्दल दिलंय?"

एकोणीस वर्षांच्या एका मध्यमगती गोलंदाजानं मला हे विचारलं. तो नुकताच व्यासपीठावरून खाली उतरला होता. हातातलं मानचिन्ह उलटसुलट करून खालच्या पितळी पट्टीवर काहीतरी शोधत होता. पट्टीवर मंडळाचं नाव होतं, वर्ष होतं, देणगीदाराचं नाव होतं (सगळ्यात ठळक तेच) आणि शेवटी ‘उल्लेखनीय कामगिरीबद्दल’. निवेदकानंही तेवढंच म्हणून पुढचं नाव पुकारलं होतं.

निवड समितीत आम्ही पाच जण होतो आणि त्यातला एक मी, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होतं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तो तीन दिवसांचा सामना आठवतो? शेवटच्या दिवशी दुपारी वाऱ्याविरुद्धच्या टोकानं तू सलग सोळा षटकं टाकलीस. तुला एकही बळी मिळाला नाही. पण तू धावाच देत नव्हतास, म्हणून फलंदाज समोरच्या टोकाला हात मोकळे करायला गेले आणि तिकडच्या फिरकी गोलंदाजानं पाच जणांना गुंडाळलं. धावफलकावर त्याचे पाच दिसतात, तुझी सोळा षटकं दिसत नाहीत. आमच्यातला एक जण तेव्हा सीमारेषेबाहेर बसून बघत होता. त्यानं तुझं नाव सुचवलं."

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, त्या आधीच्या मॅचमधल्या चार विकेट्ससाठी असेल."

त्या दिवसापासून हे पत्र मनात आहे. आम्ही बरोबर पाहिलं होतं, निवडही बरोबर केली होती, आणि नेमकी जी गोष्ट सांगायला हवी होती तीच गिळून टाकली होती. घरी आल्यावर मी मंडळाची जुनी इतिवृत्तं काढून बसलो. दहा वर्षांच्या निवडींपुढे एकच शब्द: ‘सर्वानुमते’. हे मत कशावरून झालं, याचा कुठे पत्ता नाही. ज्यांना आठवत होतं त्यातले दोघे आता हयात नाहीत.

तर माझं मागणं एकच आहे. पुरस्कार कुणालाही द्या, पण का दिला ते लिहा, आणि जिथे नाव छापाल तिथेच ते कारणही छापा.

आपल्यासारख्या मंडळांना बाकी आहेच काय? आपण संघ निवडत नाही. आपल्या हातात करार नाहीत, प्रक्षेपणाचे हक्क नाहीत. नियामक मंडळं पुरस्कार देतात तेव्हा मागे झगमगाट असतो, धनादेश असतो, कॅमेरे असतात. आपल्याकडे फक्त पाहिलेलं क्रिकेट असतं. रिकाम्या स्टँडमध्ये बसून, पावसानं खेळ थांबला तरी हलायचं नाही असं ठरवून पाहिलेलं. या भांडवलावर माणसांनी किती मोठं काम केलंय ते बघा. इंग्लंडमधली क्रिकेट सोसायटी 1945 साली सुरू झाली ती आकडेवारीवेड्यांची संघटना म्हणून. नावातच ‘स्टॅटिस्टिशियन्स’ होतं. पुढे आकड्यांपलीकडचे रसिकही आत आले आणि नाव सुटसुटीत झालं. वूम्बवेल हे यॉर्कशायरमधलं कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातलं गाव. तिथेही क्रिकेटप्रेमींची स्वतःची सोसायटी उभी राहिली आणि हिवाळ्यात मैदानं बंद असताना मोठमोठे खेळाडू तिथे येऊन बोलून जाऊ लागले. खेळाडूंना अशा मंडळांचं बोलावणं टाळावंसं वाटत नाही, कारण समोर बसलेल्याला त्याचा 1 बाद 40 चा स्पेलही आठवत असतो. असा श्रोता त्याला दुसरीकडे मिळत नाही.

म्हणूनच आपला पुरस्कार म्हणजे एका अर्थी साक्ष असते. ‘आम्ही तिथे होतो, आम्ही हे पाहिलं.’ पण साक्षीदार कोर्टात जाऊन नुसतं नाव घेऊन खाली बसला तर न्यायाधीश काय म्हणेल?

कुणी म्हणेल, आमच्या पुरस्काराचे निकष तर नावातच आहेत. क्रिकेट सोसायटीचा वेदरॉल पुरस्कार घ्या. इंग्लंडच्या प्रथम श्रेणी मोसमातल्या सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूला तो मिळतो. यात सांगायचं काय राहिलं? माझ्या मते सगळंच राहिलं. अष्टपैलू म्हणजे कोण, यावर दोन क्रिकेटवेडे एकत्र बसले तर रात्र सरते. हजार धावा आणि शंभर बळी ही जुनी ‘डबल’ची मोजपट्टी सामने कमी झाल्यावर निकामीच झाली. मग सातव्या क्रमांकावर येऊन साठ धावा करणारा आणि दुसऱ्या नव्या चेंडूनं जोडी फोडणारा मोठा, की चौथ्या क्रमांकावरचा फलंदाज जो अधूनमधून चेंडूही टाकतो? निवड समितीनं यातलं काहीतरी ठरवलेलं असतंच. ठरवल्याशिवाय नाव निघत नाही. मग ते सांगायला लाज कसली?

कारण लिहिण्याचा नमुना शोधायला फार लांब जायला नको. ‘विस्डेन’ हे इंग्लंडमधलं क्रिकेटचं वार्षिक 1889 पासून मोसमाचे मानकरी निवडतंय. पहिल्या वर्षी निव्वळ सहा गोलंदाज होते: लोहमन, ब्रिग्ज, पील, टर्नर, फेरिस आणि वूड्स. त्याच्या पुढच्या वर्षी नऊ फलंदाज, मग पाच यष्टिरक्षक. हळूहळू पाचाचा आकडा आणि दोन नियम रुळले. एक म्हणजे इंग्लंडच्या मोसमावर पडलेला ठसा बघायचा, आणि दुसरा, हा मान एका खेळाडूला आयुष्यात एकदाच. 1897 च्या अंकात रणजितसिंहजी आले, 1933 मध्ये सी. के. नायडू, 1937 मध्ये विजय मर्चंट, 1947 मध्ये विनू मांकड. पहिली महिला क्रिकेटपटू, क्लेअर टेलर, यायला मात्र 2009 उजाडावं लागलं. आता हे पाच जण कुठल्याही कोपऱ्यातल्या क्रिकेटवेड्याला तोंडपाठ का असतात? तिथे नावांची यादी चिकटवून मोकळं होत नाहीत. एकेका मानकऱ्यावर अख्खा लेख असतो. तो कुठून आला, त्या उन्हाळ्यात त्यानं काय केलं, पायाचं काम कसं सुधारलं, कुठल्या सामन्यात चित्र पालटलं. मला विचाराल तर तो लेख हाच पुरस्कार आहे. नंतर जी वस्तू हातात मिळत असेल ती त्या लेखाची पावती.

आणि नियम मोडायचा झाला तर तोही कारण देऊन मोडता येतो. ‘एकदाच’ हा नियम जॅक हॉब्जसाठी 1926 मध्ये बाजूला ठेवला गेला. 1909 च्या अंकात तो मानकरी झालेला होताच. पण 1925 च्या उन्हाळ्यात त्यानं टाँटनच्या मैदानावर डब्ल्यू. जी. ग्रेसच्या 126 शतकांचा विक्रम मागे टाकला होता, आणि त्या वर्षी दुसरं कुणी सोबत न घेता एकट्या हॉब्जलाच बसवलं गेलं. शंभर वर्षं होत आली तरी हा अपवाद कुणाला खटकत नाही.

याहून मला शिकण्यासारखं वाटतं ते 2011 च्या अंकातलं. त्या वर्षी पाचऐवजी चारच नावं छापली गेली: मॉर्गन, रीड, ट्रॉट आणि तमिम इक्बाल. ज्या पाकिस्तानी खेळाडूचा पाचवा म्हणून विचार होता, तो 2010 च्या लॉर्ड्स कसोटीतल्या स्पॉट-फिक्सिंग (पैशांसाठी ठरवून नो-बॉल टाकण्याच्या) प्रकरणात सापडला. संपादक स्किल्ड बेरी यांना सहावा कुणीतरी उचलून पाचवी खुर्ची भरता आली असती. आपण असतो तर हेच केलं असतं, कारण ट्रॉफ्या आधीच बनवून आलेल्या असतात आणि एक उरली की खजिनदार भुवया उंचावतो. त्यांनी जागा मोकळी ठेवली आणि ती का मोकळी आहे ते सांगितलं. क्रिकेटच्या इतिहासात त्या रिकाम्या जागेचा उल्लेख अनेक भरलेल्या जागांपेक्षा जास्त होतो.

उदयोन्मुख खेळाडूच्या पुरस्काराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपली सगळ्यात जास्त गोची तिथेच होते. क्रिकेट रायटर्स क्लब ही पत्रकारांची संस्था, रसिकांची नव्हे, पण तिचं उदाहरण बोलकं आहे. 1950 पासून ती इंग्लंडच्या तरुण खेळाडूची निवड करते. पहिलाच मानकरी रॉय टॅटरसॉल, आणि तो तेव्हा चांगला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा! आजच्या हिशेबानं ‘तरुण’ म्हणवत नाही. पण त्या मोसमात त्यानं 193 बळी घेतले होते, 13.59 च्या सरासरीनं. पुढच्या तीन वर्षांची नावं वाचली की वाटतं, परीक्षकांकडे पंचांगच असावं: 1951 पीटर मे, 1952 फ्रेड ट्रूमन, 1953 कॉलिन काउड्री. (ट्रूमनचा तो उन्हाळा भारतीय फलंदाजांच्या जिवावर सजला होता, हे आपण मुकाट्यानं मान्य करू. हेडिंग्लेला दुसऱ्या डावात 4 बाद 0 हा धावफलक अजून बघवत नाही.) मग या यादीतलं 1986 वाचा. अॅशली मेटकाफ आणि जेम्स व्हिटेकर, दोघांना विभागून. व्हिटेकर पुढे एक कसोटी खेळला, मेटकाफच्या वाट्याला एकही आली नाही.

ही निवड चुकली असं कुणी म्हणतं, तेव्हा मला राग येतो. त्या मोसमात ते दोघे जे खेळले ते खेळले. पुरस्कार त्या खेळाला होता. पुढच्या पंधरा वर्षांची हमी त्यात कुणी दिली नव्हती. पण कारण डोळ्यांपुढे नसलं की वाचणारा निवडीला भविष्यवाणी समजतो आणि भविष्य खोटं ठरलं की निवडीला हसतो. त्याहून वाईट हाल त्या पोराचे होतात. ‘उदयोन्मुख’ असं कोरलेली ट्रॉफी कपाटात ठेवून तो तिशीत पोचतो, आणि पाहुण्यांना वाटतं, उगवलाच नाही. तिथे दोन ओळी असत्या, की अमुक मोसमात ओल्या खेळपट्ट्यांवर चेंडू उशिरा आणि शरीराजवळ खेळण्याचं जे तंत्र यानं दाखवलं त्यासाठी, तर ती ट्रॉफी चाळीस वर्षांनीही खरीच राहिली असती.

आता पुस्तकांकडे येतो. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

क्रिकेट सोसायटी 1970 पासून वर्षातल्या सर्वोत्तम क्रिकेट पुस्तकाला पुरस्कार देते, पुढे एमसीसी (लॉर्ड्सचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) ही संस्थाही त्यात सामील झाली. ऑस्ट्रेलियन क्रिकेट सोसायटी जॅक पोलार्ड या क्रिकेट लेखकाच्या नावानं असाच मान देते. अशाच एका छोट्या पुरस्काराचा मी एका वर्षी परीक्षक होतो. आमच्या मंडळाकडे अकरा पुस्तकं आली. मी सात पूर्ण वाचली, तीन चाळली आणि एकाची फक्त प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचलं. ते अकरावं पुस्तक एका लहानशा क्लबच्या शंभर वर्षांचं होतं. अर्धं पुस्तक तक्ते, छपाई बेताची, मुखपृष्ठावर कुठल्याशा संघाचा धूसर फोटो. बैठकीत एकानं विचारलं, "याचं काय?" मी म्हणालो, "प्रयत्न चांगला आहे." बस, निकाल लागला. एका नामवंत फलंदाजाच्या आत्मचरित्राला पुरस्कार गेला. ते त्यानं स्वतः लिहिलं नव्हतं, हे आम्हा पाचही जणांना दिसत होतं. दोन वर्षांनी पावसाळ्यात मी ते क्लबवालं पुस्तक सलग वाचलं. एका माळ्यानं खेळपट्टीवर वापरलेल्या मातीच्या नोंदी त्यात होत्या, मोसमागणिक, आणि त्यांच्या शेजारी त्या मोसमातल्या क्लबच्या फिरकी गोलंदाजांचे बळी. दोन स्तंभ शेजारी वाचले की खेळपट्टी म्हणजे काय ते कळत होतं. असलं काही मी तोवर वाचलं नव्हतं. लेखकाला पत्र लिहायचं ठरवलं आणि लिहिलं नाही. कुठल्या तोंडानं लिहिणार?

मला निवडीचं कारण लिहावं लागलं असतं, तर ही चोरी पहिल्याच ओळीला पकडली गेली असती. ‘हे पुस्तक निवडलं कारण…’ असं लिहून पुढे काही सुचत नाही, तेव्हा माणसाला उठून दुसरं पुस्तक उघडावंच लागतं. लोकांसाठी म्हणून तर कारण लिहायचंच, पण परीक्षकाला वाचायला लावण्याचाही याहून स्वस्त उपाय नाही.

चांगली निवड काय करू शकते, याचंही उदाहरण देतो. रामचंद्र गुहा यांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ 2002 साली आलं आणि क्रिकेट सोसायटीचा पुरस्कार त्याला मिळाला. त्या पुस्तकाच्या मध्यभागी पाळवणकर बाळू आहे. क्लबच्या मैदानावर रोलर फिरवणारा, साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारा दलित पोरगा. पुढे ज्या संघासाठी तो बळी घेत होता, त्याच संघात त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, सगळ्यांपासून लांब मिळायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभराहून अधिक बळी घेतले, संघ हरत असताना. त्या डावखुऱ्या फिरकीवाल्याचं नाव किती पिढ्यांना माहीत नव्हतं! इंग्लंडमधल्या रसिकांच्या एका मंडळानं त्या पुस्तकावर बोट ठेवलं, त्याचा त्यात थोडा का होईना वाटा आहे.

भाषेचं एक दुखणं इथेच सांगून टाकतो. क्रिकेटवरचं लिखाण म्हणजे इंग्रजी लिखाण, असं गृहीत धरूनच बहुतेक पुरस्कारांच्या प्रवेशिका मागवल्या जातात. मराठीत बाळ ज. पंडित रेडिओवरून सामना कानात उभा करत होते आणि वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाच्या पानाला वजन मिळवून दिलं. बंगालीत, उर्दूत, तमिळमध्ये, सिंहलीमध्येही अशी माणसं असणारच. दुसऱ्या भाषेतलं एखादं पुस्तक दर दोन वर्षांनी जाणकाराकडून वाचून घ्यायला काय हरकत आहे? परीक्षकांना ती भाषा येत नसेल तर तेही मानपत्रात लिहा, की अमक्या जाणकारानं वाचून शिफारस केली. कमीपणा येत नाही.

स्कोअरर आणि आकडेवारी सांभाळणाऱ्यांबद्दल किती लिहू आणि किती नको, असं होतं. 1973 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली आकडेशास्त्रज्ञांची संघटना आपल्यातल्या उत्तम कामाला स्वतःचा पुरस्कार देते, हे फार शहाणपणाचं, कारण बाकीच्यांना ते काम दिसतच नाही. हॉब्जची शतकं 197 की 199? विस्डेन 197 म्हणतं. संघटनेचे लोक 1930-31 च्या भारत-सिलोन दौऱ्यातली दोन शतकं प्रथम श्रेणीची धरतात आणि 199 म्हणतात. ग्रेसची 126 की 124? इथे उलट, काही सामने वगळून ते 124 वर येतात. म्हणजे त्यांचं खरं मानलं तर टाँटनला लोक श्वास रोखून बसले होते तेव्हा हॉब्जनं ग्रेसला आधीच मागे टाकलेलं होतं! या भांडणात मी कुठल्या बाजूला आहे ते सांगत नाही, सभासदत्व दोन्हीकडे आहे. पण एक लक्षात घ्या. दोन्ही पक्ष आपला आकडा कुठून आला ते सामन्यागणिक दाखवतात, म्हणून भांडता येतं. नुसतंच ‘सर्वानुमते 197’ असतं तर भांडणार कशाशी?

बिल फर्ग्युसन नावाचा एक ऑस्ट्रेलियन होता. 1905 पासून जवळपास अर्धं शतक तो दौऱ्यांवर स्कोअरर आणि सामानसुमानाचा व्यवस्थापक म्हणून फिरला. त्याला नोकरी कशी मिळाली याची गोष्ट मजेची आहे. कसोटीपटू मॉन्टी नोबल दंतवैद्य होता. फर्ग्युसनला जग बघायचं होतं, म्हणून तो दात दाखवायच्या निमित्तानं नोबलच्या खुर्चीत जाऊन बसू लागला. कोणता फटका कुठे गेला याच्या रेघा काढून त्यानं जे चित्र रूढ केलं, ते आज टीव्हीवर रंगीत चाकासारखं फिरतं. त्याच्या धावनोंदीच्या पद्धतीवर पुढे बिल फ्रिंडलनं हात फिरवला. बीबीसीच्या रेडिओ समालोचन कक्षात 1966 पासून 2009 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याची कागदं पसरलेली असत. त्या पद्धतीत गोलंदाज, फलंदाज आणि घड्याळ एकाच ओळीत चालतात, त्यामुळे कुठला चेंडू कुणी कुणाला कधी टाकला हे पन्नास वर्षांनीही बोट ठेवून दाखवता येतं. आपल्या प्रत्येक मंडळात असा एक जण असतो. डब्यात चार रंगांच्या टोकदार पेन्सिली, एक खोडरबर, आणि कुणी मध्येच "स्कोअर किती?" विचारलं की चेहऱ्यावर ती विशिष्ट आठी. त्याला पुरस्कार द्या, असं मी म्हणणार नाही. समारंभात बोलवाल तर तो येणारही नाही, त्या दिवशी कुठेतरी सामना असेल. पण मानपत्र लिहायला बसाल तेव्हा आधी त्याच्याकडे जा. कारण त्याच्या वहीत असतं.

प्रायोजकांविषयी माझी फार तक्रार नाही. पैसे लागतात. पट्टीवर त्यांचं नाव पुरस्कारार्थीच्या नावापेक्षा लहान असावं, इतकंच. स्मृतिपुरस्कारांचं तेवढं बघा. ‘कै. अमुक स्मृती चषक’ घेणाऱ्याला तो अमुक कोण होता हे कुणी सांगत नाही. त्याच्याही दोन ओळी छापा.

आक्षेप मला माहीत आहेत, समितीत असताना मीच ते घेतले आहेत. कारण छापलं की वाद होतात. होऊ द्या. वाद घालणारा निदान तुमची निवड वाचून आलेला असतो. ज्याची निवड झाली नाही तो दुखावतो, असंही म्हणतात. दुखावेल, पण ‘गटबाजी झाली’ असं समजून बसण्यापेक्षा ‘आपल्याला बाहेर जाणारा चेंडू सोडता येत नाही असं यांना वाटतं’ हे कळणं परवडलं. तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे: आम्हाला लिहिता येत नाही. तीन वाक्यं पुरतात. काय पाहिलं, कधी पाहिलं आणि त्यानं सामन्यात काय फरक पडला. ‘दैदीप्यमान’, ‘चतुरस्र’, ‘क्रिकेटविश्वाचे भूषण’ हे शब्द गाळले की उरलेल्या जागेत ती तीन वाक्यं आरामात बसतात.

आमच्या मंडळात मी सुरुवात करून दिली आहे. जे सदस्य अजून आहेत त्यांच्याकडे बसून गेल्या काही वर्षांच्या निवडींची कारणं लिहून घेतोय. काही सापडली, काही कायमची गेली. एका पुरस्काराबाबत तिघांनी तीन वेगळी कारणं सांगितली आणि तिन्ही मी लिहून ठेवली.

त्या गोलंदाजालाही स्कोअरबुकमधल्या त्या पानाची प्रत पाठवली. त्याच्या षटकांभोवती पेन्सिलीनं चौकट आखली, आणि वर समितीच्या वतीनं लिहिलं की हा पुरस्कार या सोळा षटकांसाठी होता. आठवड्याभरात त्याचं उत्तर आलं. आभार वगैरे होतेच. खाली लिहिलं होतं, "काका, सतरा होती. शेवटचं षटक तुम्ही पुढच्या पानावर बघितलं नाहीत."

पान उलटून पाहिलं. सतराच होती, आणि तेही निर्धाव. आमच्या कार्यवाहांनी पुढच्या बैठकीत तेवढी दुरुस्ती इतिवृत्तात करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक जुना सभासद आणि माजी परीक्षक